बेटावर दोघंच पुरत नाहीत

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली. साताऱ्यात एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. मे महिन्यात त्याची अंदमानला बदली झाली, तेव्हा नोकरी सोडून मीही सोबत आले. पोर्ट ब्लेअरच्या जरा बाहेर, गाराचर्मा भागात भाड्याने राहतो. पहिले दोन आठवडे सुट्टीवर आल्यासारखे गेले. मग पाऊस लागला, तो डिसेंबर उजाडला तरी पुरता थांबलेला नाही. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. लग्नातल्या पैठणीवर बुरशी दिसली त्या दिवशी मी खूप रडले. कोथिंबिरीची जुडी घेताना हात आखडतो. पाच वाजता अंधार पडतो आणि नवरा सातला येतो, त्या दोन तासांत घर खायला उठतं. तो आला की कशावरून तरी भांडण होतंच. ‘तुला इथे कमी काय आहे?’ असं तो विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. शेजारच्या बंगाली काकू अधूनमधून डबा देऊन जातात, पण मी त्यांच्याशी बोलणार काय? एकदोनदा जमीन हलल्यासारखी वाटली, तेव्हापासून झोपही नीट लागत नाही. दिवाळीपासून तीनदा पाहुणे येऊन गेले, जानेवारीत नणंदेकडचे येताहेत. गावाकडे सगळे म्हणतात, मजा आहे तुमची, रोज समुद्र! बदलीची अडीच वर्षं अजून बाकी आहेत. साताऱ्याला परत जाऊन नोकरी धरावी आणि तोवर आम्ही वेगळं राहावं, असं मनात येतं. हे पळून जाणं होईल का?
– म., श्री विजयपुरम

प्रिय म.,

तू परत गेलीस तर त्याला पळून जाणं कुणी म्हणू नये, तूही म्हणू नकोस. नवऱ्याच्या बदलीसाठी तू स्वतःची चालती नोकरी सोडलीस, आणि ती पुन्हा हवीशी वाटणं अगदी रास्त आहे. पण हा निर्णय डिसेंबरात घेऊ नकोस. मार्चअखेरपर्यंत थांब, आणि तोवर काही गोष्टी करून बघ. नुसतं ‘धीर धर’ म्हणून मी हे सांगत नाही. माझीही काही वर्षं पोर्ट ब्लेअरला गेली, अशीच नवऱ्याच्या बदलीपायी. (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तरी जुन्या माणसांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच आहे, माझ्याही.) त्यामुळे तुझ्या पत्रातली बुरशी, अंधार आणि जुडी घेताना आखडणारा हात, हे सगळं मला लगेच ओळखू आलं.

आधी त्या सात वाजताच्या भांडणाकडे बघू. तू विज्ञान शिकवतेस, म्हणून आकड्यांतच सांगते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. सातारा ७४ अंशांवर, तू राहतेस ते गाव पावणेत्र्याण्णवच्या आसपास. म्हणजे साताऱ्याच्या मानाने तुझ्याकडे सूर्य जवळजवळ सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तुमच्याकडे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी साडेपाचच्या आत उगवतो. मे महिन्यात तर पाचच्या आधीच उजाडतं. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की तुम्ही दोघं अजून साताऱ्याच्या वेळेने जगता: सकाळी सातला उठणं, रात्री साडेनऊला जेवण, अकराला झोप. असं केलं की उजेडाचे पहिले दीड-दोन तास झोपेत जातात आणि तुला जागेपणी मिळते ती फक्त लांबलचक रात्र. नवरा येतो तेव्हा तू दोन तास बंद घरात अंधाराकडे बघत बसलेली असतेस. तोही दिवसभराचा शिणलेला. त्या घटकेला कोथिंबिरीवरूनसुद्धा भांडण पेटतं.

तेव्हा सगळ्यात आधी घड्याळ हलवा. साडेसातला जेवण, नऊला अंथरूण, पाचला उठणं. पहिल्या आठवड्यात जड जाईल, मग अंगवळणी पडेल. इथले जुने रहिवासी असेच राहतात. बाजार सकाळी लवकर जागा होतो, चांगली मासळी आणि ताजी पालेभाजी त्याच वेळी मिळते. नवरा ऑफिसला जायच्या आधी तुम्हाला दोघांना दीड-दोन तास उजेडाचे मिळतील. त्या वेळात एकत्र बाहेर पडा, बाजार करा, नुसते चाला. जे बोलायचं ते तेव्हा बोला: पैशांचं, पाहुण्यांचं, परत जाण्याचंही. संध्याकाळी सातनंतर कुठलाही वादाचा विषय काढायचा नाही, हे दोघांनी ठरवून टाका. आणि संध्याकाळी पाच ते सात ही वेळ घरात एकटीने काढायची नाही. कुठे काढायची ते पुढे सांगते.

आता ‘तुला इथे कमी काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर. तुला माणसं कमी आहेत. साताऱ्यात तुझी स्टाफरूम होती, वर्गातली चाळीस-पन्नास पोरं होती, तासाभराच्या अंतरावर आई असेल, पोवई नाक्यावर ओळखीचा भाजीवाला असेल. दिवसातून किती जण तुला नावाने हाक मारत होते ते आठव. आता ते सगळं एकट्या नवऱ्याकडून मिळावं असं तू धरून बसली आहेस, आणि हे तुझ्या लक्षातही आलेलं नाही. त्याच्या येण्यात दहा मिनिटांचा उशीर झाला तरी तुला लागतं, कारण तुझ्या दिवसातला तोच एक माणूस आहे. कुठल्याही नवऱ्याला किंवा बायकोला हे पेलत नाही, कितीही प्रेम असलं तरी. बेटावर आलेल्या जोडप्यांचं इथेच बिनसतं असं मी पाहिलं आहे. पाणी, पाऊस, महागाई यांवर मार्ग निघतात. दोघांनी एकमेकांचं सगळं जग व्हायचं ठरवलं की मात्र दोघंही थकतात.

म्हणून तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, ते पैठणीचं नव्हे, बंगाली काकूंच्या डब्याचं होतं. तो डबा तू परत कसा केलास? रिकामा? आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि त्यांच्याकडेही बहुधा तसंच असेल. मोठं काही नको. शेंगदाण्याची चटणी घाल, थालीपीठ घाल, पाहुण्यांनी आणलेले चार कंदी पेढे घाल. आणि तो डबा संध्याकाळी पाच वाजता घेऊन जा. आत बोलावतीलच.

‘बोलणार काय’ असं तू विचारतेस. त्यांना विचार, तुमचं घर इथे कधी आलं? अंदमानात हा प्रश्न कुणालाही विचारता येतो आणि जवळपास प्रत्येकाकडे त्याचं मोठं उत्तर असतं. काकूंचं कुटुंब कदाचित पूर्व बंगालातून फाळणीनंतर आलेलं असेल. १९४९ पासून निर्वासित कुटुंबांना जहाजाने आणून इथल्या जंगलात जमिनी देऊन वसवलं गेलं. रांचीकडचे मजूर १९१८ पासून येत राहिले. मलबारातल्या १९२१ च्या बंडानंतर मोपला कैदी आले आणि त्यांची गावं वसली. मायाबंदरकडे करेन लोक आहेत, ते १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आले. आणि ज्यांना ‘प्री-४२’ म्हणतात ती घरं १९४२ च्या जपानी ताब्याच्या आधीपासूनची, त्यातली पुष्कळशी जन्मठेपेच्या कैद्यांची पुढची पिढी. या सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी, तीही अशी की ‘तो’ आणि ‘ती’ची गल्लत झाली तर कुणी हसत नाही, कारण सगळ्यांची थोडी थोडी चुकते. तुझ्या हिंदीचा संकोच करायचं काहीच कारण नाही. तुझ्या आजूबाजूला राहणाऱ्या लोकांच्या आज्या-पणज्यांनी अनोळखी माणसांमधूनच शेजार उभा केला, आणि ती सवय या गावात अजून टिकून आहे. डबा देऊन त्यांनी सुरुवात केली आहे. पुढचं पाऊल तुझं.

मराठी माणसंही शोध. तुमच्याकडे तिन्ही दलांचा संयुक्त तळ आहे, तटरक्षक दल आहे, बँका आहेत. त्यात मराठी घरं असतातच आणि गणपतीत, संक्रांतीत भेटतात. जानेवारीत हळदीकुंकू करायला हरकत नाही, बंगाली आणि तमिळ शेजारणींनाही बोलाव. पण नुसत्या मराठी घरांवर विसंबू नकोस. ती सगळी तुमच्यासारखीच बदलीवरची, दर दोन-तीन वर्षांनी उठणारी. इतक्या जवळच्या मैत्रिणींना निरोप देताना फार त्रास होतो आणि तोच त्रास पुन्हा पुन्हा होतो. इथे मुरलेलं एखादं घर आपलं असलं की पायाखाली जमीन असल्यासारखं वाटतं.

जमिनीवरून आठवलं. धक्के जाणवले असं लिहिलंस. अंदमान भूकंपाच्या पट्ट्यात आहे, लहान धक्के येत राहतात, त्यांची सवय होते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाची आणि त्सुनामीची आठवण मात्र प्रत्येक घरात आहे. सिप्पीघाटकडे जाशील तेव्हा पाण्यात उभी असलेली जुनी शेतं दिसतील, त्या भूकंपात तिथली जमीनच खचली. म्हणून एक नियम पक्का ठेव: समुद्राजवळ असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर कुणाच्या सूचनेची वाट न बघता उंचावर जायचं. गाव टेकड्यांचं आहे, उंच जागा जवळच असते. घरापासून कुठे चढायचं ते दोघांनी एकदा चालून बघा. माहीत असलं की रात्री झोप लागते.

आता पैठणी. बुरशी लागली म्हणजे साडी गेली असं समजू नकोस. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की एखाद्या दिवशी ती सावलीत, वाऱ्यावर पसर. कडक उन्हात नको, रंग उडतो. बुरशी सुकली की मऊ कोरड्या ब्रशने बाहेरच झटक, पाणी लावू नकोस. मग जुन्या मलमलीत गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस. आणि ती नणंदेसोबत साताऱ्याला पाठवून दे, तिथे रेशमाची जाण असलेल्या माणसाकडे धुवायला जाऊ दे आणि आईकडे राहू दे. तुझ्याकडे वापरायच्या सुती साड्या आणि कुर्ते ठेव. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, दारं दिवसातून एकदा उघडून पंखा सोड, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या मधूनमधून बदलत जा. प्रमाणपत्रं, फोटो, चामड्याचे पट्टे आणि चपला यांनाही हेच लागू. महाबळेश्वरच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडतो इथे, वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात, पण तो मे ते डिसेंबर पसरलेला असतो. आधी नैर्ऋत्येचा, मग ईशान्येचा. तू आलीस ती नेमकी त्याच्या तोंडावर. बेटाचे बरे महिने तू अजून पाहिलेच नाहीस, आणि मार्चपर्यंत थांब म्हणते त्याचं हे एक कारण आहे.

जानेवारीपासून आकाश उघडेल, समुद्र शांत होईल. हेही सांगून ठेवते की त्याच महिन्यांत पाणी आणखी तुटेल. धनीखारी धरणावर गावाची भिस्त, आणि मार्च-एप्रिलपर्यंत ते खाली जातं. आत्ता पाऊस आहे तोवर घरमालकाशी बोलून पत्र्याचं पाणी टाकीत सोडायची सोय करून घे आणि एक मोठा ड्रम जास्तीचा घेऊन ठेव. या कामाला चार महिन्यांनी हात घातलास तर उपयोग नाही.

स्वयंपाकाचं लांबवत नाही. मेथी, कोबी, फ्लॉवर, कांदे-बटाटे यांतलं बरंचसं मेनलँडवरून येतं. चेन्नईहून जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. वादळ आलं, जहाज खोळंबलं की भाव चढतो. ते भाव बघून रोज जीव जाळण्यापेक्षा इथे उगवतं ते खायला शीक. मायाळूला इथे पोई म्हणतात, तिची भजी तुला येत असतीलच. नळीची भाजी स्वस्त आणि ताजी मिळते, लसूण-मिरचीवर परत. शेवग्याचा पाला, कच्ची केळी, फणस, नारळ मुबलक. आणि कोथिंबिरीऐवजी बर्मा धनिया घे: लांब पात्यांची, काटेरी कडेची, वासाला कोथिंबिरीपेक्षा उग्र. दोन पानं आमटीला पुरतात. ती सावलीतल्या कुंडीत मुकाट वाढते. कुंडी उंचावर ठेव, नाहीतर मोठ्या आफ्रिकन गोगलगाई रात्रीत फस्त करतात. आणि पावसाळ्यात अंगणात अनवाणी जाऊ नकोस. लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार या बेटांवर कायमचा आहे, पायाला चीर असेल तर चिखलातून तो शिरतो. ताप अंगावर काढायचा नाही.

पाहुणे हा नाजूक विषय आहे, पण त्याला बगल देणं बरोबर नाही. समुद्र बघायला माणसं येणारच, आणि त्यात सासरची असली की ‘नको’ म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आलेल्या प्रत्येकासोबत तू प्रत्येक ठिकाणी फिरलंच पाहिजे, असं कुठे आहे? नवऱ्याने आपल्या बहिणीशी आधीच बोलावं (त्यानेच बोलावं, तू नव्हे): किती दिवस, कुठे कुठे, बोटीची तिकिटं कुणी काढायची, खर्च कसा वाटायचा. एक दिवस तू त्यांच्याबरोबर जा, बाकीचे दिवस त्यांचे त्यांनी फिरावं. सेल्युलर जेलला मराठी माणूस मोठ्या ओढीने येतो. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या सात पंखांपैकी आज तीन उभे आहेत, आणि सावरकरांची कोठडी बघताना आपल्या लोकांचे डोळे भरतात. त्यांना सांग की घाईत अर्ध्या तासात उरकू नका, अर्धा दिवस द्या. पण दर पाहुण्यामागे तू तिथे गेलीच पाहिजेस असं नाही.

दोन बाबतींत मात्र तू ठाम राहायचं. पाहुण्यांपैकी कुणी ‘जारवा बघायला मिळतील का’ असं विचारलं, तर स्पष्ट नाही म्हण. जारवा ही इथल्या जंगलातली आदिवासी जमात. बाराटांगच्या रस्त्याला त्यांच्या राखीव जंगलातून गाड्यांचे ताफे जातात. तिथे थांबणं, फोटो काढणं, काही खायला देणं हा गुन्हा आहे. आणि कायद्याच्याही आधी, ती माणसं स्वतःच्या घरात राहताहेत, बघायची वस्तू म्हणून उभी नाहीत. दुसरं, प्रवाळाचे तुकडे आणि किनाऱ्यावरचे शंख-शिंपले मुलांच्या बॅगेत जाऊ देऊ नकोस. त्यातले कितीतरी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. मगरीची पाटी लावलेल्या पाण्यात कुणी उतरायचं नाही, हेही सांगायला लागलं तर कडक शब्दांत सांग. तुझ्या घरी आले आहेत तोवर त्यांची जबाबदारी तुझ्यावर पडते.

इथून पुढचा भाग नवऱ्याला वाचून दाखव, किंवा त्याच्या हातात दे.

तुम्ही ‘तुला कमी काय आहे’ असं विचारता तेव्हा त्यामागे राग कमी आणि अपराधीपणा जास्त असावा, असं मला वाटतं. तिची नोकरी आपल्यामुळे सुटली, हे तुम्हाला बोचतं. ती रडताना दिसली की ते आणखी बोचतं आणि मग असा प्रश्न तोंडून जातो. तो विचारणं बंद करा. त्याऐवजी एकदा सरळ म्हणा, तुझं मोठं नुकसान झालं, मला कळतंय. त्यावर तोडगा लगेच काढायची घाई करू नका. तुम्हाला इथे काम आहे, ऑफिसातली चार माणसं आहेत, बढती-बदलीचा हिशोब आहे. तिच्याकडे यातलं काहीच नाही. आणि तुमच्याही मनातलं बोलायला इथे मित्र नसेल, तर तो जोडा. ऑफिसनंतर आठवड्यातून एकदा कुणाबरोबर कॅरम खेळलात, व्हॉलीबॉल खेळलात तर तिला राग येणार नाही, फक्त आधी सांगून जा. रविवारी पाहुणे नसताना दोघंच बाहेर पडा. चाथमहून बांबूफ्लॅटला जाणारी फेरी थोडक्या पैशात खाडी पार करून देते, आणि पलीकडे माउंट हॅरिएटची टेकडी आहे (आता माउंट मणिपूर). जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला जे दीपगृह आणि माड दिसायचे, ते दृश्य तिथूनचं. सहलीच्या यादीत नसलेली जागा दोघांनी मिळून शोधली की गाव आपलं वाटू लागतं.

म., पुन्हा तुझ्याकडे येते. तुझ्या पत्रात एक गोष्ट तू जाता जाता लिहिलीस आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तू विज्ञानाची शिक्षिका आहेस. बी.एड. असशील असं धरून चालते. केंद्रीय विद्यालयं नव्या वर्षासाठी कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतात. खासगी शाळाही त्याच सुमारास माणसं शोधतात. मार्चअखेरपर्यंत थांब म्हणण्याचं हे दुसरं आणि मोठं कारण. नोकरी मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही. पण तोवर संध्याकाळच्या त्या दोन तासांत शेजारच्या आठवी ते दहावीच्या चार मुलांना विज्ञान शिकवायला सुरुवात कर, काकूंनाच विचार कुणाची मुलं आहेत. फी थोडी घे, पण घे. सुरुवातीला अंधार पडायच्या वेळी दारात चपलांचे चार जोड आले की तुझी संध्याकाळ बदलेल, आणि नवरा घरी येईल तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

मन फारच खचत असेल, भूक मेलेली असेल, रडू आवरत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर माझ्या सल्ल्यावर थांबू नकोस. जी. बी. पंत रुग्णालयात जाऊन मानसोपचार तज्ज्ञांना भेट. (सेल्युलर जेलच्या पाडलेल्या पंखांच्या जागेवर उभं आहे ते.) घरातूनच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. पूर्वी या बेटांवरून घरी फोन लावणं हेच मोठं काम होतं. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली आणि इंटरनेट सुधारलं. त्याचा उपयोग करून घे. आईशीही रोज बोल, फक्त संध्याकाळच्या त्या दोन तासांत नको. तेव्हा बोललीस की फोन ठेवल्यावर घर आणखी रिकामं वाटतं.

मार्च संपल्यावर काय बघायचं ते सांगते. तोवर तुला काम मिळालं का? आठवड्यातून चारदा तरी नवऱ्याखेरीज कुणाशी मनापासून बोललीस का? भांडणं कमी झाली का? यातलं काहीच घडलं नसेल, तर जूनच्या शाळेसाठी साताऱ्यात अर्ज कर आणि जा. तेव्हा ते दोघांनी शांतपणे बसून ठरवलेलं असेल: कोण कधी भेटायला येणार, विमानाच्या भाड्याचा खर्च कसा भागवायचा, सुट्ट्या कशा जुळवायच्या. फौजी घरांतून, दर्यावर्दी घरांतून माणसं वर्षानुवर्षं असे संसार करतात आणि ते टिकतात. सासरी काय सांगायचं याचं ओझं तुझ्यावर नको, ते नवऱ्याने सांगावं. आणि यातलं काही घडलं असेल, तर एक महिना माहेरी जाऊन ये, परतीचं तिकीट काढूनच.

एक काम मात्र आजच कर. बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं, गुणपत्रकं आणि शाळेचा अनुभवाचा दाखला साताऱ्याला राहिला असेल, तर नणंदेला फोन करून सांग की जानेवारीत येताना ते हातबॅगेत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आण. अनुभवाचा दाखला घ्यायचाच राहिला असेल, तर शाळा नाताळच्या सुट्टीला बंद व्हायच्या आत मुख्याध्यापकांना अर्ज पाठव.

तुझी,
ताई